अर्ध्या चेहऱ्याचा चमत्कार आणि 24 हप्ते

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत नाशिकच्या सोसायट्यांमध्ये हळदीकुंकवाची धामधूम असते, आणि अलीकडे त्या गर्दीत ‘मोफत त्वचा तपासणी’वाले शिरू लागले आहेत. आमच्याकडे इंदिरानगरला ते कुणाच्या तरी ओळखीतून आले. वाण म्हणून प्रत्येकीला साबणाची वडी आणि एक कूपन आमच्यातर्फे, म्हणाले. वाणाचा खर्च परस्पर भागतोय म्हटल्यावर नको कोण म्हणणार? दोन मुली, एक मुलगा, गळ्यात ओळखपत्रं, अंगात पांढरे कोट. डॉक्टर त्यातलं कुणीच नव्हतं, पण कोट पाहून निम्म्या बायका त्यांना ‘डॉक्टर’च म्हणत होत्या आणि त्यांनीही कुणाला दुरुस्त केलं नाही.

एक गोष्ट मला नंतर उमगली. त्यांनी सुनांना, मुलींना कूपन देऊन वाटेला लावलं आणि खुर्चीत बसवलं ते फक्त पन्नाशीपुढच्यांना. तरुण मुली तिथल्या तिथे मोबाईलवर नाव शोधून बघतात. आमच्या वयाच्या बायकांकडे पेन्शन असते, एखादी ठेव असते, आणि चेहऱ्याबद्दल घरात कुणाशी बोलायची सोय नसते. ‘या वयात कशाला हवंय?’ हे वाक्य प्रत्येकीने ऐकलेलं असतं. त्या पोरी मात्र अर्धा अर्धा तास मन लावून ऐकत होत्या.

तपासणी म्हणजे एका खोक्यात तोंड घालायचं, आत जांभळट प्रकाश पडतो आणि लॅपटॉपवर आपला फोटो येतो. फोटो कसला, गालांवर नाकावर काळे ठिपकेच ठिपके. खाली आकडा : त्वचेचं वय 68. माझं वय 57. ते बघून पोटात गोळा येतो, आणि तो यावा म्हणूनच ते यंत्र असतं. अतिनील प्रकाशात त्वचेतलं रंगद्रव्य गडद दिसतं, एरवी आरशात न दिसणारंसुद्धा. जन्मभर उन्हात हिंडलेल्या कुणाचाही फोटो काढा, असाच येणार. त्वचारोगतज्ज्ञही असा दिवा वापरतात, वांग किती खोल आहे ते बघायला. पण ‘त्वचेचं वय’ हा वैद्यकीय आकडा नाही, ते सॉफ्टवेअर सांगेल ते. शिवाय जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरलेला, गाल आधीच कोरडे, फुटलेले. त्यांना आयतंच फावलं.

कूपन घेऊन कॉलेज रोडच्या बाजूला त्यांच्या ‘स्टुडिओ’त जायचं होतं. मी आणि आमच्या मोठ्या जाऊबाई दोघी गेलो. तिथला प्रकार नीट सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे.

डाव्या डोळ्याखाली त्यांनी एक जेल लावलं, मटारच्या दाण्याएवढंही नव्हतं. मग छोट्या पंख्याने वारा घातला आणि बजावलं, “काकू, आता हसायचं नाही, बोलायचं नाही, चेहरा अगदी स्थिर ठेवा.” थोड्या वेळाने आरसा हातात दिला. उजव्या डोळ्याखाली रोजचीच पिशवी, आणि डावीकडची गायब! सुरकुत्याही नाहीत. जाऊबाई तर हरखूनच गेल्या. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणायचं?

खोटं नव्हतंच ते, फक्त औषध नव्हतं. असल्या ‘इन्स्टंट’ जेलमध्ये बहुधा सोडियम सिलिकेट किंवा तशा जातीची खनिजं असतात. वाळताना त्याचा पातळ पापुद्रा होतो आणि तो कातडी ताणून धरतो, मुलतानी मातीचा लेप वाळताना गाल ओढले जातात ना, तसंच, फक्त हा पारदर्शक. हसलं, बोललं की पापुद्र्याला तडे जातात, म्हणून ते मौनव्रत. तोंड धुतलं की पिशवी जागेवर हजर. संध्याकाळी घरी आल्यावर डोळ्याखाली पांढरे कण सुटले होते. फोन केला तर उत्तर तयार : “मॅडम, तो तर फक्त डेमो होता, खरा रिझल्ट कोर्स पूर्ण झाल्यावर.” आणि अर्धाच चेहरा का करतात, तर उरलेल्या अर्ध्याकडे बघवत नाही म्हणून. खुर्चीतून उठताना बाई स्वतःच म्हणते, दुसऱ्या बाजूलाही लावा की!

ती म्हणायला आणि किंमत यायला एकच गाठ. कोर्स 64,000 रुपयांचा, संक्रांतीची सवलत म्हणून 38,400, तेही आजच ठरवलं तर. आठ बैठका, कोलॅजन सीरम, रात्रीची क्रीम. कोलॅजन म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन. त्याचा रेणू इतका मोठा असतो की धड त्वचेतून तो आत उतरत नाही, वरवर ओलावा धरून ठेवतो इतकंच. वयाबरोबर कोलॅजन कमी होतं हे मात्र खरं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ते सुमारे 30 टक्क्यांनी घटतं असं डॉक्टर सांगतात. खऱ्याला असं खोटं चिकटवलं की माणूस चटकन विश्वास ठेवतो.

एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर ती मुलगी हसून म्हणाली, “पैसे द्यायचेच नाहीत आत्ता. महिन्याला फक्त 1,600. झिरो इंटरेस्ट.” मग ‘मेंबरशिप रजिस्ट्रेशन’ म्हणून आधार, पॅन, एक सेल्फी आणि मोबाईलवर आलेला ओटीपी. सगळं तिनेच माझ्या फोनवर पटापट भरलं. तो हप्ता स्टुडिओचा नव्हताच. एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर 38,400 रुपयांचं कर्ज काढून ती रक्कम थेट स्टुडिओच्या खात्यात टाकली होती. प्रोसेसिंग फी वेगळी. बिनव्याजी कर्ज अशी चीजच नसते, खर्च फीमध्ये किंवा किमतीत लपवलेला असतो, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं आहे. डिजिटल कर्ज देताना वार्षिक दर आणि सगळे आकार दाखवणारा तक्ता देणं बंधनकारक आहे, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्जातून बाहेरही पडता येतं. माझा तक्ता आला होता, पण स्टुडिओने स्वतःच भरलेल्या कुठल्यातरी ईमेलवर.

आता क्रीमबद्दल. खरं नुकसान तिनेच केलं.

आठवड्याभरात चेहरा काचेसारखा नितळ झाला. भिशीला सगळ्या विचारायला लागल्या. जाऊबाईही माझ्याच डब्यातली लावू लागल्या. उन्हाळा लागला तशी मी बाहेर पडले की गाल भाजल्यासारखे व्हायचे. डबा संपल्यावर काही दिवसांतच चेहरा लालबुंद झाला, आग, बारीक पुरळ, गालांवर लव. स्टुडिओतलं उत्तर : “त्वचेतलं विष बाहेर पडतंय, दुसरा डबा सुरू करा.” दुसरा लावला की लगेच बरं वाटायचं, आणि त्यातच सगळी गोम होती.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी चेहरा बघताच विचारलं, “कोणती क्रीम लावत होता?” त्यांच्या मते हा चेहऱ्यावर स्टेरॉइड लावल्याचा परिणाम. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि सूज दबते, म्हणून आधी गोरं, गुळगुळीत वाटतं. मग त्वचा पातळ होते, बंद केलं की सगळं उसळून येतं आणि माणूस पुन्हा त्याच डब्याकडे वळतो. आपल्याकडे हे इतकं बोकाळलं की 2018 मध्ये सरकारने बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. बेनामी डब्यात दुसरी भीती पाऱ्याची. केरळात मलप्पुरम भागात 2023 मध्ये गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडांना इजा झालेले रुग्ण सापडले होते. म्हणून डॉक्टरांनी आम्हा दोघींच्या लघवीतलं प्रथिनही तपासून घेतलं. ते ठीक निघालं. चेहरा ताळ्यावर यायला मात्र महिने लागले.

माझा भाचा गोळे कॉलनीत औषधांच्या होलसेलमध्ये आहे. त्याने डबा हातात घेऊन उलटा केला. “मामी, यावर आहे काय? लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. परदेशी म्हणताय तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक कुठाय?” नुसतं परकी अक्षरांचं चकचकीत लेबल. हे बघायला अर्धा मिनिट पुरतो. डब्यावर हे काहीच नसेल तर आत काय आहे ते विचारूही नका.

पैसे परत मागायला गेलो तर “उघडलेला माल परत नाही”, मग “मॅनेजर मुंबईला गेलेत”, मग फोन बंद. पुढे शटरच खाली. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जातोच. आमच्या घरी यावरून बरेच वाद झाले. मुलगा म्हणे, बँकेला सांगून हप्ता थांबव. हे म्हणाले, थांबवलास तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होईल, वसुलीवाले दारात येतील. तूर्त हप्ता भरतोय आणि भांडतोय. फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं की आठपैकी सहा बैठका झालेल्याच नाहीत आणि दुकान बंद आहे. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. डबा अन्न व औषध प्रशासनाकडच्या तक्रारीसाठी जपून ठेवलाय.

आणि चेहऱ्याला आता काय लावते? डॉक्टरांनी दिलेला साधा, बिनवासाचा मॉइश्चरायझर, ग्लिसरीन आणि सेरामाइडवाला, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. सकाळी एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, ढग असले तरी. रेटिनॉल, म्हणजे अ-जीवनसत्त्वाचं क्रीम, त्वचा पूर्ण सावरल्यावर, आठवड्यातून एक-दोन रात्री, तेही त्यांना विचारून. सगळं मिळून काही शे रुपयांत. लग्नकार्याला जायचं तर आमच्या पार्लरवाल्या ताईंचा सल्ला मला पटला : पावडर कमी, कारण ती सुरकुत्यांत बसून त्या ठळक करते, लालीही क्रीमची घ्यायची, फाउंडेशन डागांपुरतंच, बोटांनी थोपटून, आणि मॅट लिपस्टिकआधी ओठांना थोडा बाम. पिशवी डोळ्याखाली आहे ती आहेच. ती बहुतेक वेळा चरबीची असते, कुठल्याही क्रीमने ती जात नाही.

राहिली ग्राहक आयोगाची गोष्ट. प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि एकाच दुकानात एकाच पद्धतीने फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. आमच्या सोसायटीतल्या आम्ही तिघी तयार आहोत. सिडको, पंचवटी, नाशिकरोड, कुठेही संक्रांतीच्या सुमारास असं कूपन मिळालं असेल आणि नावावर हप्ता सुरू असेल, तर डबा फेकू नका, मोबाईलवरचे मेसेज पुसू नका, बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा.