कॅलेथिया की अ‍ॅग्लोनिमा? मराठवाड्यातल्या घरासाठी

नर्सरीत दोन्ही शेजारी ठेवलेली असतात आणि नजर आधी कॅलेथियावरच जाते. पानांवर रंगवल्यासारखे पट्टे, खालची बाजू जांभळी. संध्याकाळ झाली की पानं उभी होऊन मिटतात, सकाळी पुन्हा पसरतात. देखणेपणात अ‍ॅग्लोनिमा तिच्यापुढे उणीच.

पण परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि हवा पार कोरडी पडते. कॅलेथिया मूळची अमेरिकेतल्या दमट जंगलांतली. ही हवा तिला मानवत नाही. त्यात आपलं बोअरचं जड पाणी. आधी पानांचं टोक तपकिरी होतं, मग कडा कागदासारख्या कुरकुरीत. तिला साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी द्या. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र अजिबात नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात. कूलरच्या खोलीत ती खूश राहते, पण थेट झोतात ठेवू नका.

अ‍ॅग्लोनिमाचे एवढे लाड नाहीत. कमी उजेड चालतो, वरची माती सुकल्यावरच पाणी घाला. जास्त पाण्याने मुळं कुजतात. हिवाळ्यात रात्री खिडकीपासून दूर ठेवा, गारठा तिला सोसत नाही.

पहिल्यांदाच झाड आणत असाल तर मी अ‍ॅग्लोनिमाच सुचवेन. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मात्र कॅलेथियाच घ्या: अ‍ॅग्लोनिमाचं पान चावलं तर तोंडाची आग होते, कॅलेथिया विषारी नाही.