सिंक की असिंक हे माहीत नसलेलं फंक्शन: कोणत्या पद्धतीने कॉल करावं?

समजा, तुम्ही फॉर्म तपासणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी लिहिताय आणि प्रत्येक फील्डची तपासणी करणारं फंक्शन ती वापरणारा डेव्हलपर देणार आहे. पिनकोड सहा अंकी आहे का, हे तिथल्या तिथे कळतं. युजरनेम आधीच कुणी घेतलंय का, हे सर्व्हरला विचारावं लागतं. पहिलं (सिंक) फंक्शन थेट उत्तर देतं, दुसरं (असिंक) प्रॉमिस, म्हणजे नंतर येणाऱ्या उत्तराची हमी देणारा ऑब्जेक्ट. अशा फंक्शनला इथे ‘तपासा’ म्हणू. पद्धत निवडताना मी दोनच गोष्टी बघतो: फंक्शन नेमकं कधी धावतं आणि त्याने फेकलेली एरर कुठे जाते.

सर्रास दिसणारी पद्धत म्हणजे प्रॉमिस.रिझॉल्व(तपासा()). दिसायला नीटनेटकी, पण माझ्या मते सगळ्यांत धोकादायक. कंसातलं फंक्शन आधी धावतं. त्यात जेसन.पार्सला (जेसन मजकुराचा डेटा बनवणारं फंक्शन) मोडका मजकूर मिळाला की एरर तिथेच फेकली जाते आणि रिझॉल्वपर्यंत गाडी पोचतच नाही. प्रॉमिस तयारच झालं नाही, तर त्याला जोडलेला कॅच (एरर पकडणारा भाग) चालणार कसा? एरर थेट कॉल करणाऱ्याच्या अंगावर येते. टेस्ट फक्त असिंक फंक्शनवर लिहिल्या असतील, तर हा बग बरेच दिवस लपून राहतो.

प्रॉमिस.रिझॉल्व().देन(तपासा) लिहिलं की दोन्ही प्रकारच्या एरर कॅचमध्ये येतात. पण फंक्शन लगेच धावत नाही. हातातला सिंक कोड संपल्यावर मायक्रोटास्क म्हणून, म्हणजे रांगेत थांबलेलं छोटं काम म्हणून, धावतं. त्याने पहिल्याच ओळीत ‘तपासणी चालू’ असा फ्लॅग लावला, तरी कॉलच्या पुढच्या ओळीला तो जुनाच दिसतो.

असिंक-अवेटमध्ये (अवेट म्हणजे प्रॉमिसचं उत्तर येईपर्यंत थांबणं) ही अडचण नाही. ‘असिंक () => तपासा()’ असं गुंडाळून कॉल केलं की फंक्शन ताबडतोब सुरू होतं आणि फेकलेली एरर रिजेक्ट (अयशस्वी) झालेलं प्रॉमिस बनून येते. तुमचा कोड आधीच असिंक फंक्शनमध्ये असेल तर ट्राय-कॅचमध्ये ‘अवेट तपासा()’ एवढं पुरे. मात्र ट्रायच्या आत ‘रिटर्न तपासा()’ लिहून अवेट गाळू नका. सिंक एरर पकडली जाईल, पण प्रॉमिस रिजेक्ट झालं तर तुमच्या कॅचला पत्ताही लागणार नाही. तिथे ‘रिटर्न अवेट’च हवं.

प्रॉमिस.ट्राय(तपासा, मूल्य) हेच काम एका ओळीत करतं, आर्ग्युमेंटही पुढे पाठवतं, आणि वाचणाऱ्याला हेतू लगेच कळतो. ब्लूबर्ड लायब्ररीत ते कितीतरी आधीपासून होतं. भाषेच्या अधिकृत मानकात आलं २०२५ मध्ये. क्रोम १२८, फायरफॉक्स १३४ आणि सफारी १८.२ पासून चालतं. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या २४ मध्ये आहे, २२ मध्ये नाही.

या सगळ्या पद्धतींत उत्तर नेहमी प्रॉमिस म्हणूनच मिळतं. ते नको असेल, तर परत आलेल्या मूल्याला देन नावाचं फंक्शन आहे का ते तपासायचं आणि नसेल तर मूल्य तसंच वापरायचं. इन्स्टन्सऑफ प्रॉमिस या प्रकार-तपासणीवर विसंबू नका, आयफ्रेममधून (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातून) आलेलं प्रॉमिस त्यात नापास होतं. लाखभर नोंदींच्या लूपमध्ये प्रत्येक अवेटमागे एक मायक्रोटास्क वाचतो, हा खरा फायदा. पण ही तपासणी लायब्ररीच्या पोटातच ठेवा. कधी मूल्य, कधी प्रॉमिस असं बाहेर दिलंत, तर कॉलनंतरची ओळ आधी धावेल की उत्तर आल्यावर चालणारा कॉलबॅक, हे वापरणाऱ्याला सांगता येणार नाही.

लायब्ररीच्या वेशीवर मी प्रॉमिस.ट्राय घेईन, अ‍ॅपच्या आतल्या कोडमध्ये साधं अवेट. नोड २२ सांभाळायचं असेल तर पॉलिफिल (नसलेली सोय भरून काढणारा कोड) शोधत बसू नका, असिंक अ‍ॅरो फंक्शन तेवढंच काम करतं. देनची तपासणी मात्र प्रोफायलरमध्ये (कोडचा वेळ मोजणाऱ्या साधनात) अवेटचा खर्च डोळ्यांनी दिसल्यावरच.