चार प्रेमकादंबऱ्या आणि त्यांतले चार अडसर: आधी कोणती वाचावी?

समकालीन इंग्रजी प्रेमकादंबरी वाचायला घ्यायची, पण दुकानातल्या एकसारख्या रंगीत मुखपृष्ठांमधून नेमकी कोणती उचलायची, असा प्रश्न पडलेल्या वाचकांसाठी हा आढावा आहे. दुसऱ्याला सुचवायची किंवा भेट द्यायची असेल, तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. निवडीसाठी चार कादंबऱ्या घेतल्या आहेत: हेलन होआंग यांची ‘द किस कोशंट’ (2018), टालिया हिबर्ट यांची ‘गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन’ (2019), सोनाली देव यांची ‘प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स’ (2019) आणि एमिली हेन्री यांची ‘बीच रीड’ (2020). चारही गेल्या काही वर्षांतल्या, चारही बऱ्यापैकी गाजलेल्या, आणि तरीही एकीचा वाचक दुसरीत रमेलच याची खात्री देता येणार नाही, इतक्या त्या वेगळ्या आहेत.

या प्रकारात शेवट सुखाचा असणार हे आधीच ठरलेले असते. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखक-संघटनेने केलेल्या व्याख्येतच मध्यवर्ती प्रेमकथा आणि समाधान देणारा, आशावादी शेवट या दोन अटी आहेत. त्यामुळे ‘शेवटी काय होते’ हा निकष इथे निकामी ठरतो. ‘ट्रोप’ पाहून पुस्तक निवडण्याची जी पद्धत सध्या रूढ आहे, म्हणजे शत्रूंचे प्रेमिक होणे, खोटे-खोटे प्रेमसंबंध, शेजारी-शेजारी राहणे वगैरे, तिचाही माझ्या मते मर्यादितच उपयोग होतो, कारण एकाच ट्रोपवर उत्तम आणि भिकार अशी दोन्ही पुस्तके रचता येतात. पामेला रेजिस यांनी 2003 मधल्या आपल्या अभ्यासात प्रेमकादंबरीचे जे आठ आवश्यक घटक सांगितले, त्यांपैकी अडसर हा मला निवडीसाठी सर्वांत भरवशाचा वाटतो. एकमेकांना उघडपणे आवडणारी दोन माणसे तीनशे पाने एकत्र का येत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर पटले, तर पुस्तक खाली ठेववत नाही. ते पटले नाही, तर एका फोनवर मिटला असता असा गैरसमज लेखिकेने उगाच ताणला आहे, ही चिडचिड शेवटपर्यंत सोबत राहते.

या कसोटीवर ‘क्लोई ब्राउन’ माझ्या लेखी सर्वांत पुढे आहे, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम परिसरात राहणाऱ्या, संकेतस्थळे तयार करून देणाऱ्या क्लोईला फायब्रोमायल्जिया आहे. म्हणजे सततचे अंगदुखणे आणि थकवा, आणि उद्या शरीर किती साथ देईल याचा अंदाज नाही. आजारपण सुरू झाल्यावर तिचा होणारा नवरा आणि मैत्रिणी एकेक करून दूर गेल्या आहेत. भरधाव मोटारीखाली येता-येता ती थोडक्यात वाचते आणि आपण आजवर जगलोच नाही या धक्क्याने करायच्या गोष्टींची एक यादी करते: घरच्यांपासून वेगळे राहणे, मोटरसायकलवर बसणे, तंबूत मुक्काम करणे, फक्त हातातल्या सामानानिशी प्रवास करणे, असे बरेच काही. नव्या इमारतीची देखभाल पाहणारा रेड मॉर्गन हा मुळात चित्रकार. पण मागच्या नात्यात झालेल्या छळाने त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला आहे. ती त्याच्या चित्रांसाठी संकेतस्थळ करून देणार आणि तो तिला यादी पूर्ण करायला मदत करणार, असा सौदा ठरतो.

झाडावर अडकलेल्या मांजराला उतरवायला क्लोई स्वतः वर चढते आणि मग तिलाच खाली उतरता येत नाही, हा प्रसंग वरकरणी निव्वळ विनोदी आहे. मात्र लेखिका तो हशा पिकवून सोडून देत नाही. त्या धाडसाची किंमत क्लोईचे शरीर नंतर वसूल करते आणि ती वसुलीही कथेत येते. दुखणे इथे नायिकेला करुण ठरवण्यासाठी आणलेले नाही. ते तिच्या दिवसाच्या नियोजनात, औषधांत, रागात आणि माणसांवर विश्वास न टाकण्यात मुरलेले आहे. दोघांमधला अडसर त्यातूनच उभा राहतो: ‘मी आजारी पडले की लोक जातात’ हा तिचा अनुभव आणि ‘श्रीमंत घरातली मुलगी मला हीन लेखेल’ ही त्याची जखम. शेवटाकडे जी ताटातूट होते, तिला एक गैरसमज कारणीभूत असतो खरा, पण तो गैरसमज रेडसारख्याच माणसाचा होऊ शकतो, हे आपल्याला आधीच कळलेले असते. कथा दोघांच्याही बाजूने सांगितल्यामुळे त्याच्यावर रागावतानाच त्याची दयाही येते.

‘द किस कोशंट’चा पाया याहून धाडसी आणि म्हणून अधिक धोक्याचा आहे. सिलिकॉन व्हॅलीत अर्थमितीचे, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक अंदाज बांधण्याचे, काम करणारी स्टेला लेन स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) कक्षेत मोडते. शारीरिक जवळीक तिला जमत नाही, असा तिचा समज आहे आणि तो दूर करण्यासाठी ती मायकेल फान या पैसे घेऊन सोबत करणाऱ्या ‘एस्कॉर्ट’ची शिकवणी लावते. पहिल्या भेटींसाठी ती चौकटी आखून, खुणा करायची सोय ठेवून पाठांचा आराखडाच तयार करते, आणि तिला असेच करावेसे का वाटते हे लेखिका तिच्या डोक्यात शिरून दाखवते. होआंग यांना स्वतःला प्रौढपणी स्वमग्नतेचे निदान मिळाले; स्टेलाचे आवाज, कापडाचा स्पर्श, अचानक बदललेला बेत यांविषयीचे अनुभव इतके नेमके का उतरले, याचे उत्तर त्यात असावे. मायकेलच्या व्हिएतनामी कुटुंबात ती जेवायला जाते आणि प्लास्टिकच्या डब्यात अन्न गरम करण्यावरून सरळ मनाने जे बोलून जाते, तो प्रसंग चारही पुस्तकांत मिळून मला सर्वांत अवघडून टाकणारा वाटला. तिची बाजू बरोबर, घरच्यांची दुखावणूकही बरोबर, आणि मध्ये कोणीच दोषी नाही. अडसराच्या बाबतीत मात्र हे पुस्तक उत्तरार्धात ढिले पडते. वडिलांच्या फसवेगिरीचा डाग आपल्यालाही लागला आहे, हे मायकेलचे मनोगत इतक्या वेळा येते की त्याला कोणीतरी एकदा समोर बसवून चार शब्द सुनवावेत असे वाटू लागते. शिवाय तो देखणा, प्रेमळ, कुशल शिंपी, आज्ञाधारक मुलगा असा सर्वगुणसंपन्न आहे. इतका की स्टेलाच्या शेजारी तो किंचित कागदी दिसतो.

‘बीच रीड’ या तिघींपासून फटकून आहे. प्रेमकथा लिहिणारी जॅन्युअरी अँड्र्यूज आणि गंभीर साहित्य लिहिणारा ऑगस्टस एव्हरेट, म्हणजे गस, हे कॉलेजातले प्रतिस्पर्धी मिशिगन सरोवराकाठच्या गावात शेजारी येतात. दोघांचेही लेखन अडले आहे. उन्हाळाभर एकमेकांच्या प्रकारात लिहायचे, अशी ते पैज लावतात: तिने गंभीर कादंबरी लिहायची आणि त्याने सुखान्त. तिने त्याला प्रेमकथेत शोभेल अशा सहलींना न्यायचे आणि त्याने तिला एका पंथाच्या तावडीतून सुटलेल्या माणसांच्या मुलाखतींना. समोरासमोरच्या खिडक्यांतून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून चाललेले त्यांचे संभाषण अत्यंत लोभस आहे. संवादाच्या चपळाईत हेन्री यांना या चौघींत तोड नाही. परंतु पुस्तकाचे काळीज प्रेमात नसून शोकात आहे. जॅन्युअरीचे वडील वारले आहेत, त्यांच्या आयुष्यात दुसरी बाई होती हे तिला अंत्यविधीच्या वेळी कळते, आणि ज्या घरात ती राहते ते घरही त्याच गुपिताचा भाग आहे. आई-वडिलांच्या प्रेमावर पोसलेला विश्वासच मोडल्यावर सुखान्त कथा कशी लिहायची, हा तिचा खरा अडसर आहे आणि तो पूर्ण पटतो. गसचा अडसर आपल्याला त्या मानाने दुरून दिसतो, कारण कथा केवळ तिच्या तोंडून येते. ज्यांना नायकाच्या मनातही डोकवायचे असते, त्यांना ही उणीव जाणवेल.

सोनाली देव यांची कादंबरी मराठी वाचकाला सर्वांत ओळखीची वाटणार, हे उघड आहे. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले, एका काल्पनिक संस्थानाच्या राजघराण्याचे वंशज असलेले राजे कुटुंब, घरात आजी, राज्यपालपदाची निवडणूक लढवायला निघालेला भाऊ, आणि सगळ्यांच्या अपेक्षांखाली दबलेली न्यूरोसर्जन त्रिशा. डी. जे. केन हा आचारी. त्याच्या चित्रकार बहिणीच्या मेंदूत गाठ आहे, आणि जी शस्त्रक्रिया तिचा जीव वाचवेल तीच तिची दृष्टी घेऊन जाईल. शस्त्रक्रिया करणार त्रिशा. ही कादंबरी जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वर बेतलेली आहे; मूळ कथेतल्या नायकाचा गर्विष्ठपणा इथे नायिकेकडे आला आहे, ही अदलाबदल मोठी चतुर आहे. यशस्वी मुलीच्या अहंकाराकडे लेखिका माफीच्या सुरात पाहत नाही, आणि तिला सुधारण्यासाठी तिची हुशारीही काढून घेत नाही. दुर्दैवाने या पुस्तकात कथानकांची गर्दी फार आहे. निवडणूक, जुन्या मैत्रिणीने केलेला विश्वासघात, आई-वडिलांचा अबोला, बहिणीचे आजारपण, या सगळ्यात प्रेमिकांना एकत्र मिळणारी पाने कमी पडतात. ज्यांना एकत्र कुटुंबाच्या कादंबऱ्या आवडतात त्यांना ही गर्दी हवीहवीशी वाटेल. निव्वळ प्रेमकथा हवी असलेल्याने मात्र इथून सुरुवात करू नये.

आता शृंगाराविषयी, कारण सुचवताना लोक नेमके हेच सांगायला संकोचतात आणि मग भलत्या हातात भलते पुस्तक पडते. ‘किस कोशंट’ आणि ‘क्लोई ब्राउन’ यांत शय्यादृश्ये अनेक, सविस्तर आणि स्पष्ट भाषेत आहेत. ‘किस कोशंट’मध्ये तर कथेचा विषयच तो असल्यामुळे ती पाने गाळून वाचणे शक्य नाही. ‘बीच रीड’मध्ये ती मोजकी आहेत. देव यांच्या पुस्तकात जवळजवळ सगळा भर ओढीवर आणि स्वयंपाकाच्या वर्णनांवर आहे. आपल्याकडे चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वर अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 मध्ये न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला, हे आठवणाऱ्या पिढीतल्या वाचकाला होआंग यांचे पुस्तक पूर्वसूचना न देता हाती ठेवू नये. पूर्वसूचना दिल्यावर तीच पिढी अनेकदा आपल्यापेक्षा मोकळेपणाने वाचते, हा भाग वेगळा.

शृंगाराइतकीच दुसरी चौकशी दुःखाची करावी. नुकतेच वडील गेलेल्या मैत्रिणीला ‘समुद्रकिनाऱ्यावर वाचायची हलकीफुलकी गोष्ट’ समजून ‘बीच रीड’ देणे क्रूरपणाचे ठरू शकते. मुखपृष्ठ आणि शीर्षक दोन्ही या बाबतीत दिशाभूल करतात. घरात कर्करोगाचे किंवा मेंदूच्या आजाराचे रुग्ण असतील, तर मायकेलच्या आईचे दुखणे आणि डी. जे.च्या बहिणीची शस्त्रक्रिया यांची कल्पना आधी द्यावी. दीर्घ दुखण्याशी झगडणाऱ्या व्यक्तीला मात्र ‘क्लोई ब्राउन’ मी नि:संकोच सुचवतो, कारण शेवटी आजार बरा होऊन सगळे सुरळीत झाले, अशी लबाडी त्यात नाही.

भाषेच्या दृष्टीने इंग्रजी कादंबऱ्यांची फारशी सवय नसलेल्याला होआंग सर्वांत सोप्या जातील. वाक्ये सरळ आहेत आणि कथा पुढे पळत राहते. हिबर्ट यांचा विनोद खास ब्रिटिश वळणाचा, थोडा तिरकस आहे; पहिली काही प्रकरणे त्याची लय पकडण्यात जातात. प्रेमकादंबरी म्हणजे बुद्धीला सुट्टी, असे ठामपणे मानणाऱ्या वाचकाला ‘बीच रीड’ द्यावी, कारण त्याचा हाच आक्षेप गसच्या तोंडी आहे आणि जॅन्युअरी त्याला सडेतोड उत्तर देते.

एकाच पुस्तकाचे पैसे खर्च करायचे असतील आणि स्पष्ट शृंगाराला हरकत नसेल, तर माझे मत ‘क्लोई ब्राउन’ला, हरकत असेल तर ‘बीच रीड’ला. पुढच्या वाचनाचा विचार करता हेन्री यांचे पुस्तक स्वतंत्र आहे. होआंग यांची पुढची दोन पुस्तके 2019 आणि 2021 मध्ये आली, आणि देव यांची राजे-मालिका 2022 पर्यंत चार पुस्तकांची झाली. हिबर्ट यांनी क्लोईच्या दोन्ही धाकट्या बहिणींना एकेक कादंबरी दिली आहे. त्यांतली 2021 मधली ईव्हची कथा मला क्लोईच्या कथेइतकीच आवडली. तिच्यात नोकरीच्या मुलाखतीला आलेली नायिका आपल्या भावी मालकालाच गाडीची धडक देते आणि पुढचे सगळे त्या मोडलेल्या हातापासून सुरू होते.