बोके, आठ महिने: सरकणारे ग्राफ आणि उजळणारे ठिपके

पावसाळ्याच्या तोंडावर पायथनमधली ग्राफ काढायची बोके लायब्ररी घेतली, ती अजून चालूच आहे. काम एकच: कोयनेचा पाऊस, आवक आणि साठा एकाखाली एक बघायचा. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस मिलिमीटरमध्ये, आवक (धरणात येणारं पाणी) क्युसेकमध्ये म्हणजे सेकंदाला घनफुटांत, साठा टीएमसीत म्हणजे अब्ज घनफुटांत (धरण काठोकाठ भरलं की १०५.२५). एकाच चौकटीत कोंबलं की कशाचाच कशाला मेळ लागत नाही.

पहिल्या ग्राफची एक्स रेंज (आडव्या अक्षाची कक्षा) दुसऱ्याला दिली की एक सरकवल्यावर दोन्ही सरकतात. हे पायथनच्या मॅटप्लॉटलिब या दुसऱ्या ग्राफ लायब्ररीतही होतं, त्यात विशेष नाही. मी हौसेने वाय रेंजही (उभ्या अक्षाची) देऊन बसलो आणि आवकेच्या हजारो क्युसेकपुढे बिचारा पाऊस तळाला जाऊन चिकटला.

खरी मजा कॉलमडेटासोर्सची, म्हणजे बोके ज्यातून आकडे घेते त्या तक्त्याची. सगळ्या ग्राफना एकच सोर्स दिला की नुसते अक्ष नाही, एकेका दिवसाची नोंद जोडली जाते. शेजारी पाऊस विरुद्ध आवक असा ठिपक्यांचा ग्राफ ठेवला होता. त्यात एक टोळकं डोळ्यांत खुपायचं: पाऊस दणकून, आवक त्या मानाने फारच कमी. वाटलं, नोंदी चुकल्यात. बॉक्स सिलेक्टने त्यांच्याभोवती चौकट ओढली, बाकीचे ठिपके फिकट झाले, आणि वरच्या तारखांच्या ग्राफात उजळले ते जवळजवळ सगळे जूनचे दिवस. तापलेली जमीन आधी स्वतः पाणी पिते, मग नदीला सोडते. ऑगस्टात तेवढ्याच पावसाला आवक कुठल्या कुठे जाते. कॉलेजात हे पाठ केलं होतं, बघितलं आत्ता.

खाचखळगे आहेतच. रेघेच्या ग्राफात निवडलेले दिवस उजळत नाहीत, त्यासाठी रेघेवर ठिपके वेगळे काढावे लागतात. पावसाचे खांब दिसेचनात, म्हणून एक अख्खी संध्याकाळ घालवली. तारखांच्या अक्षावर रुंदी मिलिसेकंदात मोजतात. मी ०.९ लिहिलं होतं, एका दिवसाचे होतात ८,६४,००,०००! इंटरनेटवरची जुनी उदाहरणं बोके ३.० नंतर तशीच्या तशी चालत नाहीत, ग्राफची रुंदी सांगताना प्लॉट-विड्थच्या जागी नुसतं विड्थ लिहावं लागतं. आणि धरणाजवळ राहणाऱ्या मित्राला फाइल पाठवली तर त्याचा फोन, ‘अरे, कोरं पान आलंय.’ त्याच्याकडे नेट नव्हतं, आणि ब्राउझरमध्ये ग्राफ काढणारी आपली जावास्क्रिप्ट बोके नेटवरून मागवते. ती इनलाइन करून, म्हणजे फाइलमध्येच घालून पाठवल्यावर उघडलं, फाइल मात्र चांगलीच फुगली.

एक दुखणं राहिलंच आहे. एका सोर्समधले सगळे रकाने सारख्या लांबीचे लागतात. पाऊस दिवसाला एकदा मोजलेला, आवक तासातासाची. म्हणून आवकेची २४ तासांची सरासरी काढतो, आणि रात्री दोनला चढलेला लोंढा त्यात सपाट होऊन जातो. सध्या तासांचा ग्राफ वेगळ्या सोर्सवर ठेवलाय. तो बाकीच्यांबरोबर सरकतो, उजळत मात्र नाही.