गणपतीच्या रजेत घरी आलेला ‘फौजी विमा’

घरातलं माणूस सैन्यात असलं की विम्याचा एजंट कधी ना कधी दारात येतोच. त्यातले बरेच जण सरळ असतात. पण काहींना फौजीच्या घरातल्या तीन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. ज्याच्या नावाने विमा काढायचा तो माणूस वर्षातले बहुतेक दिवस दूर असतो, रजेवर आला तरी त्याला परतीची गाडी दिसत असते आणि कागदपत्रं मागे घरच्या बाईने नाहीतर म्हाताऱ्या आईवडिलांनी सांभाळायची असतात. आमचे १ लाख २८ हजार रुपये याच तीन गोष्टींच्या जोरावर काढून घेतले गेले. आमच्या गुहागर तालुक्यात, पलीकडे दापोली-चिपळूणला, खाली मालवणपर्यंत सैन्यात आणि नौदलात माणसं असलेली घरं पुष्कळ आहेत. म्हणून झालं ते सगळं सविस्तर लिहिते.

माझे मिस्टर पायदळात हवालदार आहेत. त्या वर्षी त्यांना गणपतीला रजा मिळाली होती. गौरी-गणपती पोचवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ पडवीत येऊन उभे राहिले. बारीक कापलेले केस, चकचकीत बूट, हातात प्लॅस्टिकची फाइल. “जय हिंद साहेब” म्हणाले. आपण सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता आपल्याच जवानांसाठी काम करतो, असं सांगितलं. मिस्टरांची रेजिमेंट, सध्याची पोस्टिंग, रजा कधी संपते, चिपळूणहून कोणत्या दिवशीचं रिझर्वेशन आहे, सगळं त्यांना माहीत होतं. एवढं माहीत असलेला माणूस युनिटच्या ओळखीतलाच असणार, असं कोणालाही वाटेल. पुढे कळलं की वाडीतल्या किराणा दुकानात बसून “यंदा कोण कोण रजेवर आलंय” अशा गप्पा मारत त्याने ही माहिती जमवली होती. सुभेदार तर तो कधीच नव्हता.

तो काय बोलला ते जसंच्या तसं सांगते, कारण दुसऱ्या दारातही तो हेच बोलणार आहे.

त्याचं पहिलं वाक्य होतं, “साहेब, ग्रुप इन्शुरन्स फक्त लढाईत गेलात तरच मिळतो. रजेवर असताना गाडीने उडवलं तर वहिनींच्या हाती काही नाही.” हे धादांत खोटं आहे. आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड १९७६ पासून चालू आहे. सेवेतल्या प्रत्येक जवानाच्या पगारातून त्याची वर्गणी दरमहा कापली जाते आणि ती पे स्लिपवर दिसते. सेवेत असताना मृत्यू आजाराने येवो, अपघाताने येवो, घरी रजेवर असताना येवो, विम्याची रक्कम वारसाला मिळते. वैद्यकीय कारणाने सेवेतून बाहेर पडावं लागलं तर अपंगत्वाचा लाभ त्यातच आहे. धडधाकट निवृत्त झालं तर वर्गणीतला बचतीचा भाग व्याजासह परत येतो आणि निवृत्तीनंतरही काही वर्षं विमा चालू राहावा म्हणून एकरकमी हप्त्याची वेगळी सोय आहे. नौदल आणि हवाई दल यांच्या अशाच स्वतंत्र योजना आहेत. रक्कम हुद्द्यावर ठरते आणि वेळोवेळी बदलते, म्हणून आजचा आकडा युनिटच्या क्लार्ककडूनच घ्यावा. पडवीत बसलेल्या माणसाकडून घेऊ नये.

दुसरं अस्त्र पात्रतेचं. “सैन्यातल्या माणसाला ही पॉलिसी चाळिशी पूर्ण व्हायच्या आतच मिळते. तुमचा वाढदिवस नोव्हेंबरात. पुढच्या रजेला याल तेव्हा पात्रता संपलेली असेल.” असा काही नियम त्या पॉलिसीत नव्हता. माहितीपत्रकात प्रवेशाचं वय ५५ पर्यंत दिलेलं होतं, फक्त ते माहितीपत्रक त्याने आम्हाला दाखवलंच नाही. पण सैन्यात सगळंच वयावर आणि सेवेच्या वर्षांवर चालतं. भरती, बढती, निवृत्ती, सगळ्याला वयाची अट. त्यामुळे वयाची अट सांगितली की फौजी माणसाला ती खरी वाटते. त्याने ते बरोबर हेरलं होतं.

तिसरं म्हणजे, पैसे एकदाच भरायचे, १ लाख २० हजार. पाच वर्षांनी दुप्पट आणि वर ५० लाखांचं ‘वॉर रिस्क कव्हर’, म्हणजे युद्धातल्या मृत्यूचाही विमा. शिवाय मेडिकल आणि फाइलचे ८ हजार रोख. मेडिकल झालीच नाही आणि त्या ८ हजारांची पावतीही नाही. एक लाख वीस हजारांचा चेक मात्र खऱ्या विमा कंपनीच्या नावाने घेतला, त्यामुळे सगळं रीतसर वाटलं. घराच्या मागच्या बाजूला चिऱ्याची एक खोली काढायची होती, तिच्यासाठी बाजूला ठेवलेले ते पैसे होते.

आणि जाता जाता त्याने हळूच सांगितलं, “युनिटमध्ये एवढ्यात बोलू नका, परवानगीच्या भानगडीत महिना जाईल.” माझ्या मते त्या सकाळी तो जे काही बोलला त्यात सगळ्यात घातक हेच. युनिटमधल्या हेड क्लार्कने किंवा सुभेदार साहेबांनी तो कागद दोन मिनिटांत ओळखला असता. म्हणून त्याला ती वाट आधीच बंद करायची होती.

वर्षभराने पोस्टाने कंपनीचं पत्र आलं. दुसरा हप्ता, १ लाख २० हजार. त्याचा फोन बंद. मी रत्नागिरीच्या शाखेत जाऊन पॉलिसीची आणि प्रस्ताव अर्जाची, म्हणजे विमा काढताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागितली. अर्जाची प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. “वरून मागवावी लागेल” असं सांगतात, पण देतात.

तो अर्ज माझ्यासमोर आहे. व्यवसायाच्या रकान्यात ‘खाजगी नोकरी, सुपरवायझर’. आपण सशस्त्र दलात आहात का, या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण. अर्ज भरला त्याच्या आदल्या वर्षी मिस्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिलिटरी हॉस्पिटलमध्ये झालं होतं आणि त्यांची मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीवरून सैन्यात ठरणारी श्रेणी, काही काळ खाली आली होती. हे त्या माणसाला तोंडी सांगितलेलं, पण अर्जात शस्त्रक्रियेपुढेही ‘नाही’च. मोबाइल नंबर आमचा नाही. ईमेल आमचा नाही. हप्ते १२ वर्षं, दरवर्षी. मृत्यूनंतर मिळणारी रक्कम १२ लाख, म्हणजे हप्त्याच्या दहापट. अपघाताचं रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण, घेतलेलंच नाही. वॉर रिस्क हा शब्द अख्ख्या पॉलिसीत कुठेही नाही. खाली सही मिस्टरांची आहे, कोऱ्या रकान्यांखाली घेतलेली.

‘नाही’ लिहिण्यामागचं कारण मला आमच्या तालुक्यात दौऱ्यावर येणाऱ्या कल्याण संघटकांनी समजावलं. ते स्वतः माजी सैनिक आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं काम बघतात. ‘हो’ लिहिलं की कंपनी सैन्यातल्यांसाठीची वेगळी प्रश्नावली मागते. पोस्टिंग कुठे, काम काय, पॅराशूट, विमान, पाणबुडी, डायव्हिंग यांच्याशी संबंध आहे का, मेडिकल कॅटेगरी कोणती. त्यावरून जोखीम ठरते, कधी जादा हप्ता लागतो, कधी प्रस्ताव नाकारला जातो. यात वेळ जातो आणि एजंटचं कमिशन लटकतं. ‘नाही’ लिहिलं की पॉलिसी आठवड्यात निघते.

पण अशी पॉलिसी म्हणजे वाळूवर बांधलेलं घर. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पहिल्या ३ वर्षांत कंपनीला खोटी किंवा लपवलेली माहिती दाखवून पॉलिसीवर बोट ठेवता येतं. ३ वर्षांनंतर ते करता येत नाही. म्हणजे मिस्टर सीमेवर असतानाची ती ३ वर्षं आम्ही विमा आहे असं समजून काढली असती आणि वेळ आलीच असती तर कंपनीने हा अर्ज आमच्यापुढे धरला असता. रात्री झोप उडाली ती एक लाख वीस हजारांसाठी नाही, या विचाराने. अपघात विम्याच्या पॉलिसींतही युद्ध आणि सैनिकी कारवाईचे अपवाद अनेकदा असतात. ‘अपवाद’ किंवा ‘वगळलेल्या बाबी’ हे पान एजंट उलटत नाही, ते आपण उघडून वाचायचं.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं. उत्तर आलं की पॉलिसी पटली नाही तर परत करायची मुदत, म्हणजे फ्री लूकचे ३० दिवस, उलटून गेली. आम्ही विचारलं, पॉलिसी हातात पडल्यापासूनचे ना? ती तर आमच्या नसलेल्या ईमेलवर गेली. त्यावर गप्प. मग विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे तक्रार केली. त्याला फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही तर लोकपालांकडे जाता येतं आणि कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं.

आम्ही पडताळणीच्या कॉलचं रेकॉर्डिंग मागून घेतलं होतं. पॉलिसी देण्याआधी कंपनीतून फोन येतो, सगळं समजलं का, हप्ते दरवर्षी भरायचे आहेत हे माहीत आहे का, असं विचारतात. रेकॉर्डिंगमध्ये एक माणूस प्रत्येक प्रश्नाला भराभर “हो, हो, समजलं” म्हणतोय. सासूबाईंनी दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाल्या, “हा काय आमच्या पोराचा आवाज नाय.” त्या तारखेला मिस्टर नेटवर्क नसलेल्या पोस्टवर होते. युनिटने तसं पत्र दिलं. सुनावणी व्हायच्या आधीच कंपनीने पॉलिसी रद्द करून १ लाख २० हजार परत द्यायचं कबूल केलं, बिनव्याजी. रोख ८ हजार गेले ते गेले.

याच काळात दिल्लीहून फोन येऊ लागले. “विमा नियामक प्राधिकरणातून बोलतोय, तुमची रक्कम मंजूर झाली आहे, जीएसटीचे १४ हजार भरा की लगेच खात्यात जमा होईल.” पॉलिसी नंबर, हप्ता, मिस्टरांचं नाव, सगळं बरोबर सांगत होते. प्राधिकरण कधीही कोणाला पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही, पैसे भरायला सांगत नाही. एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात असं मला वाटतं, नाहीतर एवढं त्यांना कुठून कळणार? असा फोन आला तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. विम्याची तक्रार प्राधिकरणाच्या १५५२५५ या नंबरवर नोंदवता येते.

शेजारच्या वाडीतला एक मुलगा अग्निवीर आहे. त्याच्या आईलाही हाच माणूस “अग्निवीराला सरकारचा विमा नसतो” म्हणून सांगून गेला. अग्निवीराला ४ वर्षांच्या काळात ४८ लाखांचा विमा आहे आणि त्यासाठी त्याच्या पगारातून काही कापलं जात नाही. पगाराचं खातं बँकेच्या डिफेन्स पॅकेजमध्ये असेल तर त्यावर अपघात विमा असतो, त्याचाही हप्ता नसतो. मात्र खातं त्या पॅकेजमध्ये नोंदलेलं आहे ना, हे शाखेत जाऊन विचारायला हवं. आणि यावर आणखी आयुर्विमा हवाच असेल तर पोस्टाचा आहे, १८८४ सालापासूनचा, सैन्यातल्यांना खुला, ५० लाखांपर्यंत.

गुहागर पोलीस ठाण्यात त्या माणसाविरुद्ध तक्रार दिली आहे आणि अर्जाची प्रत, रेकॉर्डिंग, चेकचा तपशील जोडला आहे. आणखी दोन घरांनी जबाब दिले आहेत. आपल्या गावात रजेच्या दिवसांत असा कोणी ‘सुभेदार साहेब’ येऊन गेला असेल, तर आधी कंपनीकडून प्रस्ताव अर्जाची प्रत मागवा आणि व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय, फोन नंबर कोणाचा आहे, ते बघा. खोटं निघालं तर दुसरा हप्ता भरण्याआधी लेखी तक्रार करा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक प्रत द्या.