दोन लहान मुलांचे घर: पाळणाघर की घरी येणाऱ्या मावशी?

धाकटे बाळ सहा महिन्यांच्या आतले, थोरले अडीच वर्षांचे आणि आईची कामावर रुजू होण्याची तारीख तोंडावर आलेली, अशा घराला एकच प्रश्न रात्रंदिवस घेरून असतो. दोघांना पाळणाघरात ठेवायचे, की घरी सांभाळायला मावशी लावायच्या? थोरल्याच्या वेळी जी सोय मानवली होती तीच धाकट्यासाठी पुढे चालू ठेवावी, असे आम्हांलाही वाटले होते आणि तिथेच आमचे चुकले. या दोन वयांच्या गरजा इतक्या निराळ्या असतात की निवड करताना प्रत्येक मुलाचा विचार वेगळा करावा लागतो.

आधी बाळाचे पाहू. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यांपैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा बाळंतपणाआधी घेता येते, आणि दुसऱ्या खेपेला कडेवर एक मूल असताना ती अनेकींना घ्यावीच लागते. तसे झाले तर बाळंतपणानंतर १८ आठवडेच उरतात, म्हणजे आई कामावर निघते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे मधल्या काळाची सारी भिस्त काढून ठेवलेल्या दुधावर असते. हे दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस चांगले राहते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र ते काढल्याबरोबर फ्रिजमध्येच ठेवावे. घरी एकाच बाळाचे दूध असल्याने मावशींना दोन-तीन दिवस सोबत राहून दाखवले की हे सहज जमते. पाळणाघरात चार-पाच बाळांच्या बाटल्या शेजारी शेजारी असतात. त्यांवर नाव आणि वेळ लिहितात का, दूध गॅसवर न उकळता कोमट पाण्यात बाटली धरून गरम करतात का, पिऊन उरलेले दूध टाकून देतात का, हे निःसंकोचपणे विचारावे. या प्रश्नांनी दुखावले जाणारे पाळणाघर बाळासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

झोपेच्या बाबतीतही घराचे पारडे जड आहे. या वयाचे बाळ दिवसातून तीन-चार वेळा आणि आपल्या वेळेला झोपते, तर पाळणाघरात दुपारची झोप सर्वांची मिळून एकदाच असते. बाळांची निजायची खोली पळत्या मुलांपासून वेगळी असेल आणि त्यांना सपाट गादीवर, पाठीवर निजवत असतील, तरच तिथला विचार करावा. कार्यालयातच पाळणाघर असेल तर गोष्ट वेगळी. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ही सोय देणे बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येते. अंगावर पाजण्याला याहून चांगला आधार नाही. फक्त बाळाला घेऊन गर्दीच्या लोकलने जावे लागणार नसेल, तर.

थोरल्याचे गणित नेमके उलटे आहे. अडीच वर्षांच्या मुलाला सोबती हवे असतात, बोलायला माणसे हवी असतात, धावायला जागा हवी असते. घरी दुधीकडे ढुंकूनही न बघणारा आमचा मुलगा पाळणाघरात पंगतीला बसला की तीच भाजी निमूट खात असे. धाकटी झाल्यावर आम्ही त्याचे पाळणाघर बंद केले आणि दोघांना मावशींवर सोपवले. मावशी प्रेमळ होत्या, कामाला चोख होत्या, पण त्यांना हात दोनच. मांडीवरच्या धाकटीला त्या नाचणीच्या सत्त्वाचा घास भरवत असत आणि नेमके त्याच वेळी थोरला दारात उभा राहून "शू आली" म्हणे. त्या वाटी खाली ठेवून, बाळाला गादीवर निजवून उठेपर्यंत चड्डी ओली झालेली असे. आठवड्याभरात त्याने सांगणेच सोडले आणि महिनाभर सुटलेला डायपर आम्हांला पुन्हा आणावा लागला. यात दोष त्याचाही नव्हता आणि मावशींचाही नव्हता.

पैशांची तुलना सोपी आहे. पाळणाघर डोईमागे पैसे घेते, मावशी घरामागे. त्यामुळे एका मुलासाठी स्वस्त पडणारे पाळणाघर दोघांसाठी मावशींच्या पगाराच्या बरोबरीला येऊ शकते. भरवशात मात्र पाळणाघर पुढे आहे, कारण मावशींचा खाडा झाला की आई-बाबांपैकी एकाला सुट्टी टाकावीच लागते. आजारपणाबद्दल बोलायचे तर पावसाळ्यात पाळणाघरातून सर्दी-खोकला येतो, तळहात-तळपायांवर आणि तोंडात फोड आणणारा ताप येतो, आणि तो थोरल्याकडून धाकट्यापर्यंत पोहोचतो. नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस होईपर्यंत बाळाला मुलांच्या गर्दीत न ठेवलेले मला अधिक बरे वाटते. आजी-आजोबा जवळ असतील तर त्यांनी घरात असणे हीच मोठी मदत आहे. दोन मुलांमागे दिवसभर धावण्याचे काम त्यांच्या गुडघ्यांवर टाकू नये.

म्हणून ज्यांना परवडते त्यांना मी बाळासाठी घरी मावशी आणि थोरल्यासाठी अर्ध्या दिवसाचे पाळणाघर असे सुचवीन. सकाळी नऊ ते एक थोरला बाहेर असला की बाळाची आंघोळ, खाणे आणि पहिली शांत झोप होते, आणि तो परत येतो तेव्हा मावशी त्याला जेवू घालायला मोकळ्या असतात. दोन्ही खर्च झेपणार नसतील तर पहिले वर्ष मावशींना निवडावे आणि थोरल्याला संध्याकाळी तासभर तरी मैदानात न्यावे. मावशींना मात्र रजा संपण्याच्या किमान पंधरा दिवस आधी बोलवावे. आमच्या धाकटीने त्यांच्या हातून वाटी-चमच्याने दूध घ्यायला नऊ दिवस लावले होते.