डीआयवाय टूलकिट: ३० तक्ते, त्यातले कामाचे मोजकेच

सोशल इनोव्हेशन, म्हणजे सामाजिक प्रश्नांवर नवे उपाय शोधणं, शिकायला घेणाऱ्यांच्या हाती डीआयवाय टूलकिट हा संच आज ना उद्या पडतोच. ब्रिटनमधल्या नेस्टा या संस्थेने रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने २०१४ मध्ये तो काढला. ‘डेव्हलपमेंट, इम्पॅक्ट अँड यू’ या नावाची आद्याक्षरं म्हणजे डीआयवाय. त्यात ३० तंत्रं आहेत, बहुतेकांसोबत छापून भरायचा तक्ता आहे, आणि सगळं फुकट. फुकट आहे म्हणून तीसच्या तीस भरायला बसू नये, एवढंच.

सगळ्यात मोलाचा कागद ‘प्रॉब्लेम डेफिनिशन’चा. दिसायला अगदी बाळबोध: प्रश्न नेमका काय, तो कोणाचा, कोणत्या सामाजिक-सांस्कृतिक गोष्टींमुळे तो असा झाला, त्यावर मेहनत घेण्याजोगा तो आहे याला पुरावा काय, आणि हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडता येईल का. बहुतेक गट पहिल्याच चौकटीत घसरतात. ‘गावात वाचनालय नाही’ असं लिहून मोकळे होतात. हा प्रश्नच नव्हे. मनात आधीच ठरलेलं उत्तर ‘नाही’ लावून लिहिलंय. ‘दहा वर्षांच्या मुलांना साधा परिच्छेद सलग वाचता येत नाही’ हा प्रश्न. पहिल्या चौकटीत ‘नाही’, ‘अभाव’, ‘कमतरता’ असे शब्द दिसले की थांबून पुन्हा लिहायचं.

तक्ता ए४ वर छापला तर ज्याच्या हातात पेन, त्याचंच मत उतरतं. ए२ वर छापून भिंतीला लावावा. गट चार-पाच जणांचा. पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने स्टिकी नोटवर लिहायचं, एका चिठ्ठीवर एकच विधान. शेवटची चौकट त्याच दिवशी भरू नये, दमलेली माणसं पहिलंच वाक्य फिरवून लिहितात.

‘थिअरी ऑफ चेंज’ म्हणजे आपल्या कामातून बदल कसा घडेल याची पायरीपायरीने मांडणी. तिचा तक्ता डावीकडून उजवीकडे आखलेला आहे, पण भरायचा उजवीकडून: दूरचा बदल आधी, मग त्याच्या अलीकडची पायरी. खरी मेख आहे ती गृहीतकांच्या, म्हणजे आपण खरं धरून चाललेल्या गोष्टींच्या, चौकटींमध्ये. लोक तिथे ‘समाजाचा सहभाग मिळेल’ असलं काहीतरी गुळमुळीत लिहितात. प्लेपंपचं उदाहरण घ्या. मुलांनी चक्रावर खेळायचं आणि त्या जोरावर जमिनीतलं पाणी टाकीत चढायचं, अशी आफ्रिकेत गाजलेली ही कल्पना. ठरवलेल्या लोकसंख्येला किमान पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल, असा हिशेब ‘गार्डियन’ने २००९ मध्ये मांडला. मुलं नसताना ते चक्र बायकांनाच रेटावं लागे. ‘मुलं खेळतील’ एवढं गृहीतक कोणीही मान्य करेल. ‘रोज इतके तास खेळतील’ असं लिहिलं की गुणाकार करता येतो आणि गफलत कागदावरच दिसते.

पण सगळे प्रश्न असे पायरीपायरीने सुटत नाहीत, आणि संच तोकडा पडतो तो तिथेच. हॉर्स्ट रिटल आणि मेल्विन वेबर या अभ्यासकांनी १९७३ मध्ये ‘विकेड प्रॉब्लेम’ची, म्हणजे कायमचं उत्तर नसलेल्या गुंतागुंतीच्या प्रश्नाची, लक्षणं मांडली. असा प्रश्न सुटला म्हणून थांबायची रेषा नसते, आणि प्रत्येक उपाय मागे न पुसता येणारे परिणाम ठेवून जातो. रस्ता रुंद केला की गाड्या वाढतात आणि कोंडी परत येते. हा परतीचा बाण ‘कॉजेस डायग्राम’मध्ये, म्हणजे संचातल्या कारणं शोधायच्या तक्त्यात, काढायला जागाच नाही, तो कारणांकडून परिणामाकडे एकाच दिशेने वाहतो. म्हणून जोडीला कोऱ्या कागदावर कॉजल लूप, म्हणजे कारण-परिणामांचं बाणांनी जोडलेलं वर्तुळ, काढावा. एक वाढल्यावर दुसरं वाढत असेल तर बाणावर अधिक, घटत असेल तर उणे. वर्तुळ पूर्ण झालं की उणे मोजायचे: विषम असतील तर ते वर्तुळ स्वतःला आवरतं, सम किंवा शून्य असतील तर फुगत जातं.

प्रश्नाशी संबंधित माणसं आणि संस्था मांडायचा ‘पीपल अँड कनेक्शन्स मॅप’ बरा आहे, पण प्रश्न तसाच राहण्यात ज्यांचा फायदा आहे त्यांची वेगळी नोंद तो मागत नाही. ती नावं लाल शाईने आपणच घालावीत. ‘स्वॉट’ (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके यांचा तक्ता), ‘मार्केटिंग मिक्स’ आणि ‘बिझनेस प्लॅन’ कुठल्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात सापडतात. ते छापायचे तर कल्पना लहान प्रमाणावर तपासून झाल्यावर.